त्या जर्मन मेजरचं नाव काय? कॉनराड फाइटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'कॅसाब्लँका' हा १९४२चा हॉलिवूडपट संपला की चर्चा ठरलेली. नायक बोगार्टचा कोट, नायिका बर्गमनचे डोळे, विमानतळावरचं धुकं. मग मागच्या रांगेतून कोणीतरी विचारतंच, "आणि तो उंच जर्मन मेजर कोण हो?" आमच्या छोट्या फिल्म क्लबात हा प्रश्न इतक्यांदा आला की शेवटी उत्तरं एकदाची लिहून काढावीत असं ठरलं. काम माझ्या गळ्यात पडलं. दोन पानांत आटपेल असं वाटलं होतं, आटपलं नाही.

नावाचा उच्चार नेमका कसा करायचा?

फाइट. जर्मनमध्ये 'व्ही' या अक्षराचा उच्चार बहुतेकदा 'फ' होतो, 'ई' आणि 'आय' एकत्र आले की 'आइ' होतो, आणि शेवटचे 'डी' नि 'टी' मिळून एकच 'ट' ऐकू येतो. म्हणजे हिंदी सिनेमातल्या हाणामारीला आपण म्हणतो तीच 'फाइट'. पूर्ण नाव हान्स वॉल्टर कॉनराड फाइट. इंग्रजी बोलणारी मंडळी 'व्हाइट'च्या जवळपास काहीतरी म्हणतात, ते मराठी कानाला 'वाईट' असं ऐकू येतं. त्याच्या भूमिका पाहता तेही खपून गेलं असतं.

थोडक्यात सांगायचं तर हा माणूस कोण?

जन्म २२ जानेवारी १८९३, बर्लिन. मृत्यू ३ एप्रिल १९४३, लॉस एंजेलिस. आयुष्य पन्नास वर्षांचं, सिनेमे शंभरावर. आधी जर्मन मूकपटांतला भीतीचा चेहरा, मग ब्रिटिश बोलपटांतला रुबाबदार हेर, शेवटी हॉलिवूडमधला नाझी. एवढं सगळं लक्षात राहणार नसेल तर एकच गोष्ट ठेवा : त्याला जर्मनी सोडायची सक्ती नव्हती. तो आपणहून गेला.

घरात नाटक-सिनेमाचं वातावरण होतं का?

छे. घर मध्यमवर्गीय, प्रोटेस्टंट, शिस्तीचं. वडील सैन्यातून सरकारी नोकरीत आलेले. थोरला भाऊ लहानपणीच वारला. वडिलांच्या हृदयाचं दुखणं निघालं तेव्हा ज्या सर्जननं उपचार केले, त्यानं घरची परिस्थिती ओळखून परवडतील तेवढेच पैसे घेतले. मुलाच्या मनावर त्याचा इतका परिणाम झाला की आपणही सर्जनच व्हायचं, असं त्यानं ठरवून टाकलं.

ठरवणं वेगळं आणि अभ्यास वेगळा. १९१२ साली शाळा संपली तेव्हा वर्गात तेरा मुलं होती आणि हा तेरावा. शेवटून पहिला. डॉक्टरकीचा विषय तिथंच मिटला.

त्याच शाळेत नाताळच्या एका नाटकाआधी त्यानं लांबलचक प्रास्ताविक म्हटलं होतं. नाटक पडलं, पण प्रास्ताविक म्हणणारा पोरगा लोकांच्या लक्षात राहिला. मग त्याला बर्लिनच्या डॉयचेस थिएटरच्या भोवती घिरट्या घालायचा नाद लागला. हे माक्स राइनहार्टचं थिएटर. त्या काळात जर्मन रंगभूमीवर याच्या पलीकडे काही नव्हतं. रोज दाराशी रेंगाळणाऱ्या या उंच पोराची तिथल्या दरवानाला दया आली आणि त्यानं एका नटाशी गाठ घालून दिली. त्या नटाकडे थोडे धडे घेतल्यावर राइनहार्टसमोर उभं राहायची संधी मिळाली. फाइटनं गटेच्या 'फाउस्ट'मधला उतारा म्हटला. राइनहार्ट म्हणे सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होता. तरी त्याला घेतलं. किरकोळ कामांसाठी, महिना पन्नास मार्कांवर. भाला धरून मागे उभं राहायचं, एवढंच.

पहिल्या महायुद्धात तो लढला का?

हो. १९१४च्या अखेरीस त्याची भरती झाली आणि पुढच्या वर्षी तो पूर्व आघाडीवर वॉर्सॉच्या बाजूला होता. तिथं कावीळ आणि न्यूमोनिया एकदमच झाला. बाल्टिक किनाऱ्यावरच्या इस्पितळात पडून असताना त्याला कळलं की आपली नाटकवाली मैत्रीण लुसी मानहाइम हिला जवळच्याच लिबाऊ गावात, सैनिकांसाठी खेळ करणाऱ्या थिएटरात काम मिळालंय. त्यानंही अर्ज केला. तब्येत आघाडीवर परतण्याजोगी नव्हतीच, तेव्हा वरिष्ठांनी त्याला तिकडे जाऊ दिलं. जानेवारी १९१७मध्ये सैन्यातून पूर्ण सुटका झाली आणि तो बर्लिनला राइनहार्टकडे परतला. त्याच वर्षी तो कॅमेऱ्यासमोर उभा राहिला.

'कॅलिगारी'चं एवढं काय कौतुक?

इथं जरा बैठक मारू.

२६ फेब्रुवारी १९२० रोजी बर्लिनच्या मार्मोरहाउस थिएटरात 'द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगारी' लागला. दिग्दर्शक रॉबर्ट वीने. गोष्ट अशी की एका गावच्या जत्रेत डॉ. कॅलिगारी नावाचा म्हातारा तंबू ठोकतो. त्याच्याकडे उभ्या पेटीत झोपलेला एक माणूस आहे, सेझारे. वय तेवीस आणि गेली तेवीस वर्षं तो झोपलेलाच आहे. डॉक्टर सांगेल तेव्हा उठतो, भविष्य सांगतो आणि रात्री डॉक्टरच्याच हुकमावरून खून करतो.

नेपथ्य रंगवलेल्या कापडाचं. घरं कललेली, खिडक्या तिरक्या, सावल्यासुद्धा ब्रशनं काढलेल्या. अशा खोट्या जगात नट खऱ्यासारखा वागला की तो त्या पडद्यावर नुसता चिकटवल्यासारखा दिसतो. त्या सिनेमातल्या कितीतरी जणांचं तसंच झालंय. सेझारेचं काम करणाऱ्या फाइटनं मात्र स्वतःच रंगवलेली रेघ व्हायचं ठरवलं. अंगाला चिकटलेला काळा पोशाख, पांढराफटक चेहरा, डोळ्यांखाली काळे त्रिकोण. रात्री भिंतीच्या कडेनं जाताना तो चालत नाही. एक हात वर, पाठ भिंतीला घासून, तो सरकतो. भिंतीवरची एखादी सावली सुटून पुढे निघाल्यासारखा.

पण खरी जागा त्याच्या जागं होण्याची. पेटी उघडते, कॅमेरा चेहऱ्याजवळ येतो. आधी काहीच होत नाही. मग कुठेतरी गालाजवळ हललं की नाही असं वाटतं. नाकपुड्या. ओठ किंचित विलग होतात, जणू श्वास कसा घ्यायचा ते आठवतोय. पापण्या थरथरतात, उघडता उघडत नाहीत. आणि मग ते डोळे उघडतात, उघडतच जातात, माणसाचे डोळे जेवढे उघडावेत त्याच्याही पुढे. मी हे पहिल्यांदा पाहिलं ते कॉलेजात असताना, एका हॉलमध्ये, भिंतीला बांधलेल्या चादरीवर. पंखा चालू होता आणि चादर हलत होती, त्यामुळे सेझारेचा चेहराही हलत होता. शेजारचा मित्र सारखा बडबडत होता, तो या क्षणी गप्प झाला. बाकी चित्रपटाची चिरफाड खुशाल करा, त्या जागेला हात लावायचा नाही.

त्या तंबूत अॅलन नावाचा तरुण उत्साहानं पुढे येऊन विचारतो, मी किती जगणार? सेझारे सांगतो, पहाटेपर्यंत. हा अॅलन लक्षात ठेवा. तो पुढे परत भेटणार आहे.

मूकपटातला अभिनय फार 'जास्त' वाटतो. त्यात फाइट वेगळा कसा?

खरं सांगायचं तर तोही कधीकधी जास्तच करतो. १९२४च्या 'वॅक्सवर्क्स'मध्ये तो रशियाचा इव्हान द टेरिबल झालाय आणि शेवटी वेड लागल्यावर वाळूचं घड्याळ उलटंपालटं करत बसतो, तिथं डोळे फिरवण्याची हद्द होते. मला ते आवडतं, पण न आवडणाऱ्याशी मी भांडणार नाही.

त्याच वर्षीचा 'द हँड्स ऑफ ऑर्लाक' पाहा. रेल्वे अपघातात हात गमावलेल्या पियानोवादकाला फाशी गेलेल्या खुन्याचे हात बसवले आहेत, अशी कल्पना. पूर्ण सिनेमाभर फाइट स्वतःचे हात शरीरापासून लांब धरून वावरतो, दुसऱ्याची वस्तू चुकून आपल्याकडे आल्यासारखे. लांब बोटं, वर आलेल्या शिरा. पियानोजवळ जातो आणि थबकतो. संवाद नसलेल्या सिनेमात एका नटानं फक्त मनगटापासून पुढच्या भागानं दीड तास तोलून धरला.

समलैंगिकांवरच्या पहिल्या सिनेमात तो होता, हे खरं?

हो, आणि 'कॅलिगारी'च्याही आधी. १९१९चा 'आन्डर्स आल्स डी आन्डर्न', म्हणजे 'इतरांपेक्षा वेगळे'. जर्मन दंडसंहितेचं कलम १७५ पुरुषांमधल्या संबंधांना गुन्हा ठरवत होतं आणि त्या कलमाच्या जोरावर खंडणीखोरांचा धंदा जोरात होता. फाइटनं अशाच पिळवणुकीत अडकलेल्या व्हायोलिनवादकाचं काम केलं. दिग्दर्शक रिचर्ड ओस्वाल्ड. लेखनात आणि पडद्यावरही डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड, जे या कलमाविरुद्ध वर्षानुवर्षं लढत होते. सेन्सॉरशिप परत आल्यावर १९२० साली सार्वजनिक प्रदर्शनावर बंदी आली. आज सिनेमाचा काही भागच शिल्लक आहे.

चढत्या नटानं असली भूमिका घेणं आजही सोपं नाही. तेव्हा तर काय बोलायचं!

त्यानं भारतीय महाराजाचं काम केलं होतं म्हणे?

केलं होतं. १९२१ साली योए माय या दिग्दर्शकानं 'डास इंडिशे ग्राबमाल', म्हणजे 'भारतातली समाधी', हा दोन भागांचा अवाढव्य चित्रपट काढला. भारत उभा राहिला तो बर्लिनजवळच्या वोल्टर्सडोर्फ गावात. देवळं, हत्ती, वाघ, योगी, सगळा मालमसाला. राणी इंग्रज अधिकाऱ्याच्या प्रेमात पडली म्हणून महाराजा तिच्यासाठी समाधी बांधायला युरोपातून वास्तुविशारद आणतो. गंमत अशी की राणी अजून जिवंत आहे.

आपल्याला हे पाहताना हसू येतं, ते साहजिक आहे. पण फेटा बांधलेला फाइट सिंहासनावर नुसता बसतो तेव्हा हसू थांबतं. अपमान गिळून बसलेला माणूस त्यानं इतक्या शांतपणे केलाय की आजूबाजूचा पुठ्ठ्याचा हिंदुस्थान विसरायला होतो.

इथं एक मराठी धागा आहे. मूळ कादंबरी थेआ फोन हार्बू यांची आणि पटकथाही त्यांनी दिग्दर्शक फ्रिट्झ लांगसोबत लिहिलेली. लांगशी लग्न मोडल्यावर याच थेआबाईंनी बर्लिनमध्ये राहणाऱ्या, बेळगावकडच्या एका मराठी पत्रकाराशी गुपचूप लग्न केलं. ते म्हणजे अयि गणपत तेंडुलकर. कागदावर रचलेल्या हिंदुस्थानातून बाई खऱ्या हिंदुस्थानी नवऱ्यापर्यंत पोचल्या. फाइटचा यात काही हात नाही, पण हे सांगितल्याशिवाय पुढे जाववेना.

बॅटमनमधला जोकर त्याच्यावरून घेतला का?

चेहरा, हो. १९२६मध्ये फाइट पहिल्यांदा हॉलिवूडला गेला. तिथल्या कामांतलं आज टिकलेलं काम म्हणजे १९२८चा 'द मॅन हू लाफ्स'. व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीवरचा, दिग्दर्शक पाउल लेनी. तोही बर्लिनहून आलेला, 'वॅक्सवर्क्स'वाला. ग्विनप्लेन नावाच्या मुलाचा चेहरा लहानपणीच कापून असा केलेला असतो की तो कायम हसताना दिसतो. मोठेपणी जत्रेत त्याचं हसू दाखवून पोट भरतं.

युनिव्हर्सल स्टुडिओचा रंगभूषाकार जॅक पिअर्स यानं फाइटसाठी खोटे दात केले, त्यांना आकडे लावले आणि त्या आकड्यांनी ओठांचे कोपरे मागे ओढून धरले. ते तोंडात असताना त्याला बोलता येत नसे. म्हणजे चेहऱ्याचा खालचा अर्धा भाग यंत्राच्या ताब्यात. उरले डोळे आणि कपाळ. एक प्रसंग पाहाच. आंधळी प्रेयसी डेआ पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्याला हात लावून पाहते. तोंड हसतंय, डोळ्यांतून पाणी येतंय. दोन्ही एकाच चेहऱ्यावर, आणि एकही खोटं वाटत नाही.

१९४०च्या वसंतात बॅटमनच्या स्वतंत्र कॉमिकचा पहिला अंक आला, त्यात जोकर अवतरला. कल्पना कोणाची यावर बॉब केन, बिल फिंगर आणि जेरी रॉबिन्सन या तिघा कर्त्यांच्या गोष्टी वेगवेगळ्या आहेत. कोणी म्हणतं पत्त्यातल्या जोकरवरून सुचलं. पण फाइटचा या सिनेमातला फोटो समोर होता, याबद्दल फारसा वाद नाही. गोची एवढीच की ग्विनप्लेन हा जगातला सगळ्यात भला जीव आहे. जोकरनं त्याचं फक्त तोंड घेतलं.

मग अमेरिकेत बस्तान बसलं असताना परत का गेला?

बोलपट आले. त्याचं इंग्रजी कच्चं होतं आणि उच्चार पक्के जर्मन. १९२९मध्ये तो जर्मनीला परतला आणि तिथं बोलपटांतही लगेच जमला. १९३१च्या 'डेर कोंग्रेस टान्झ्ट' या संगीतिकेत तो ऑस्ट्रियाचा मुत्सद्दी मेटर्निख आहे : दुर्बीण-बिर्बीण न वापरता, अंथरुणात बसून न्याहारी करता करता साऱ्या शहराचं बोलणं चोरून ऐकणारा. फाइट विनोदी असू शकतो हे ज्यांना पटत नाही त्यांनी बघावं.

तो ज्यू होता का?

नव्हता. सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त चुकीचं उत्तर दिला जाणारा प्रश्न हाच.

फाइट जन्मानं प्रोटेस्टंट जर्मन. जानेवारी १९३३मध्ये हिटलर सत्तेवर आला. त्याच वसंतात फाइटनं तिसरं लग्न केलं, इलोना प्रागर हिच्याशी. सगळे तिला लिली म्हणत. ती हंगेरियन ज्यू होती. चित्रपटसृष्टीतल्या प्रत्येकाला आता वंश जाहीर करणारा फॉर्म भरून द्यावा लागत होता. असं सांगितलं जातं की फाइटनं त्या फॉर्मवर स्वतःच्या वंशापुढे 'ज्यू' असं लिहिलं. खोटं. स्वतःच्या फायद्यासाठी वंश लपवणारे त्या काळात कितीतरी होते, आणि त्यात नवल नाही, जिवाशी गाठ होती. स्वतःच्या तोट्यासाठी खोटा वंश लिहिणारा मात्र विरळा.

बायकोला सोडून राहिला असता तर हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याच्या खात्यानं त्याला डोक्यावर घेतलं असतं. एवढा मोठा नट हातचा कोण घालवेल? एप्रिल १९३३मध्ये ती दोघं इंग्लंडला गेली.

तिथं लगेच 'द वाँडरिंग ज्यू'मध्ये त्यानं शतकानुशतकं भटकणाऱ्या ज्यूचं काम केलं. मग 'विल्हेल्म टेल'च्या एका कामासाठी तो जर्मनीत गेला आणि तिथं अडकला. नाझींना कळलं होतं की याचा पुढचा सिनेमा 'ज्यू झ्यूस' आहे : अठराव्या शतकातल्या एका ज्यू वित्तसल्लागाराची कहाणी, ज्यूद्वेषाच्या विरोधात मांडलेली. लंडनला निरोप गेला की फाइट आजारी आहे, प्रवास करू शकत नाही. गोमाँ-ब्रिटिश कंपनीनं सरळ आपला डॉक्टर जर्मनीला धाडला. डॉक्टरला माणूस ठणठणीत दिसला. मग सोडण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. १९३४मध्ये सिनेमा आला आणि जर्मनीत त्याच्यावर बंदी आली.

१९३९च्या सुरुवातीला, युद्ध सुरू व्हायच्या आधी, तो ब्रिटिश नागरिक झाला.

त्याचे जुने सहकारी? ते कुठे गेले?

हे वाचताना मला दर वेळी कसंतरी होतं. 'कॅलिगारी'त डॉक्टर झालेला वेर्नर क्राउस जर्मनीतच राहिला. १९४० साली नाझींनी त्याच झ्यूसच्या कहाणीवर आपला विषारी सिनेमा काढला, त्यात क्राउसनं एकट्यानं अनेक ज्यू पात्रं रंगवली, एकापेक्षा एक ओंगळ. म्हणजे एकाच सिनेमातले दोन नट, एकच ऐतिहासिक माणूस, सहा वर्षांच्या अंतरानं, आणि दोघांची तोंडं दोन दिशांना.

दुसरा एमिल यानिंग्ज, सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पहिलं ऑस्कर मिळवणारा. तोही राहिला आणि सरकारी मानमरातबात न्हाला. त्याची बायको गुसी होल ही फाइटची पहिली बायको. बर्लिनच्या कलावंतांचं जग एवढंसं होतं. एका टेबलाभोवती बसणारी माणसं पाचसात वर्षांत कुठल्या कुठे गेली.

साबूबरोबरचा सिनेमा कोणता?

'द थीफ ऑफ बगदाद', १९४०. निर्माते अलेक्झांडर कोर्डा. चोर झालेला साबू म्हैसूरजवळच्या करापूरचा, माहुताचा मुलगा, तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा. फाइट कपटी वजीर जाफर. काळा झगा, फेटा आणि निळ्या डोळ्यांची अशी काही रोखलेली नजर की राजकन्येचं काय, आपलंही भान हरपावं.

चित्रीकरण लंडनजवळच्या डेनममध्ये सुरू झालं, मध्येच युद्ध पेटलं आणि सगळा संच अमेरिकेला हलवून काम पुरं झालं. तीन ऑस्कर मिळाले. लहान मुलांना दाखवायचा असेल तर हाच दाखवा. म्हाताऱ्या सुलतानाला यांत्रिक खेळण्यांचं वेड असतं. जाफर त्याला उडता घोडा देतो आणि बदल्यात मुलीचा हात मागतो. पुढे अनेक हातांची एक चांदीची बाहुली भेट देतो. सुलतान तिच्या मिठीत जातो आणि तिच्या हातातला खंजीर त्याच्या पाठीत. आमच्या घरातल्या एका पाच वर्षांच्या बाईंनी त्यानंतर दोन दिवस स्वतःच्या बाहुलीकडे पाठ केली नाही.

१९९२च्या 'अलादिन'मधला डिस्नेचा जाफर आठवा. नाव इथलंच आणि बांधाही इथलाच.

नाझींचा एवढा राग, तर त्यांच्याच भूमिका का केल्या?

१९४०मध्ये तो अमेरिकेत आला तेव्हा जर्मन उच्चारांच्या नटाला हॉलिवूडमध्ये मुख्यतः एकच काम होतं : गणवेश घालायचा आणि टाचा आपटायच्या. असं सांगतात की त्यानं करारातच लिहून घेतलं होतं, नाझीची भूमिका असेल तर तो खलनायकच हवा. थोडासा समजूतदार, मनातून चांगला वगैरे नाझी आपण करणार नाही.

१९४२च्या 'नाझी एजंट'मध्ये त्यानं जुळे भाऊ केले. एक नाझी सरकारचा कॉन्सल, म्हणजे वाणिज्यदूत, दुसरा अमेरिकेत गुपचूप राहणारा सज्जन. सज्जन भावाला वाईट भावाची जागा घ्यावी लागते. ज्यूल्स दासँ या दिग्दर्शकाचा हा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा. खर्च कमी, गोष्ट ओढूनताणून. पण चांगला भाऊ आरशासमोर वाईट भावाचा ताठा अंगात बाणवतो, ते पाहताना वाटतं की हा माणूस आपल्या रोजच्या नोकरीचंच वर्णन करतोय.

आणि पैसा? कमाईतला मोठा वाटा तो ब्रिटनच्या युद्धनिधीला देत असे. पडद्यावरच्या नाझीची मजुरी खऱ्या नाझींविरुद्ध.

'कॅसाब्लँका'त तो सगळ्यात महागडा नट होता का?

आठवड्याच्या हिशेबानं, हो. एमजीएम स्टुडिओनं त्याला 'कॅसाब्लँका' काढणाऱ्या वॉर्नर ब्रदर्सकडे उसना दिला, आठवड्याला ५,००० डॉलर, पाच आठवडे. एकूण रक्कम बोगार्टची जास्त, कारण तो जास्त दिवस कामाला होता.

फाइटचा मेजर स्ट्रासर फार वेळ पडद्यावर नसतो. आरडाओरडा करत नाही, हसून बोलतो, कॅव्हियार मागवतो. लोक त्याला घाबरतात ते तो काय करतो म्हणून नव्हे. त्याला काही करायची घाईच नसते म्हणून. ज्यांना त्यानं खरोखर पाहिलं होतं, अशा माणसांची ती नक्कल आहे.

गाण्याची जुगलबंदी आठवते ना? जर्मन अधिकारी पियानोभोवती 'वाख्ट आम ऱ्हाइन' हे आपलं देशभक्तिगीत गातात आणि सगळा कॅफे 'मार्सेइएज', म्हणजे फ्रान्सचं राष्ट्रगीत, गाऊन त्यांना गप्प करतो. तिथं रडणारी यव्होन, म्हणजे नटी मादलेन लबो, खरंच पॅरिसहून पळून आलेली होती. पडद्यावर गाणारे आणि गप्प होणारे, दोन्ही बाजूंना निर्वासितच होते. फाइट दुसऱ्या बाजूला उभा राहून हात हलवत गाण्याला ताल देतो आणि मग चिडून कॅफे बंद करायला लावतो.

आता तो अॅलन. यव्होनबरोबर कॅफेत येणारा जर्मन अधिकारी आठवतो? तो हान्स हाइनरिख फोन ट्वार्डोव्स्की. 'कॅलिगारी'त ज्याला सेझारेनं पहाटेपर्यंतची मुदत दिली होती, तोच. बावीस वर्षांनी दोघं परत एकाच सिनेमात, दोघंही परदेशात, दोघंही ज्यांच्यापासून पळाले त्यांच्याच गणवेशात.

नाझींविरुद्ध लढणाऱ्या ज्या लाझलोला पकडायला स्ट्रासर जिवाचं रान करतो, तो लाझलो झालेला पॉल हेनरीड. इंग्लंडमध्ये हेनरीडवर शत्रुदेशाचा नागरिक म्हणून स्थानबद्ध व्हायची पाळी आली होती, तेव्हा फाइटनंच त्याच्यासाठी शब्द टाकला होता.

लग्नं किती? मुलं?

तीन लग्नं. गुसी होल, मग फेलित्सितास राडके, मग लिली. दुसऱ्या लग्नातून एक मुलगी, व्हायोला. लिलीबरोबरचा संसार शेवटपर्यंत टिकला.

तो गेला कसा?

गोल्फ खेळताना. ३ एप्रिल १९४३, लॉस एंजेलिसचा रिव्हिएरा कंट्री क्लब. आठव्या होलपाशी हृदयविकाराचा झटका आला आणि तिथंच खेळ संपला. सोबत खेळणाऱ्यांत त्याचा स्वतःचा डॉक्टर होता, तरी काही करता आलं नाही. 'कॅसाब्लँका' सगळीकडे लागून जेमतेम अडीच महिने झाले होते. पुढच्या वर्षी त्या सिनेमाला ऑस्कर मिळालं ते त्यानं पाहिलं नाही. हिटलर गेला तेही नाही.

त्याला चरित्र अभिनेता म्हणायचं की नायक?

यावर आमच्या क्लबात दोन तट आहेत. जर्मनीत आणि इंग्लंडमध्ये तो पोस्टरवर पहिल्या नावाचा नट होता. १९३९चा 'द स्पाय इन ब्लॅक' पाहा : जर्मन पाणबुडीचा कप्तान असूनही नायकाची जागा त्याचीच, आणि ब्रिटनचं नव्यानं युद्ध सुरू होत असताना तिथल्या प्रेक्षकानं त्याला डोक्यावर घेतलं. अमेरिकेत मात्र तो दुसऱ्या-तिसऱ्या नावाचा, ठरावीक कामांचा नट झाला. माझं मत विचाराल तर सवा सहा फूट उंची असूनही तो मनानं पहिल्यापासून चरित्र अभिनेताच. देखणं दिसण्यात त्याला कधी रस दिसला नाही.

त्याची समाधी कुठे आहे?

रक्षा बरीच वर्षं न्यूयॉर्कजवळ होती. १९९८मध्ये त्याची आणि लिलीची रक्षा लंडनच्या गोल्डर्स ग्रीन स्मशानभूमीत नेऊन ठेवली. बर्लिनला नाही.

कुठून पाहायला सुरुवात करू?

'कॅसाब्लँका' पाहिलाच असेल, तो स्ट्रासरकडे लक्ष ठेवून परत पाहा. मग 'द थीफ ऑफ बगदाद', घरच्यांसोबत. मग 'द मॅन हू लाफ्स'. 'कॅलिगारी' सगळ्यात शेवटी. २०१४मध्ये जर्मनीत त्याची मूळ निगेटिव्हवरून नव्यानं डागडुजी झाली आहे, तीच आवृत्ती शोधा. जुन्या, धूसर प्रतींमध्ये पापण्यांची ती थरथर दिसत नाही. आणि मोबाइलवर पाहू नका. चादर बांधा हवी तर, पंखा बंद ठेवून.